कीर्द लिहिलीस, खतावणी कधी?

प्रश्न : मावशी, नमस्कार. माझं वय ४१. राहते बडोद्याला, मांजलपुरात, नोकरी रावपुऱ्यातल्या एका दवाखान्याच्या बिलिंग काउंटरवर. कॉलेजात असताना दोन कथा लिहिल्या होत्या, मग संसार सुरू झाला आणि ते राहूनच गेलं. गेली दोन वर्षं पुन्हा लिहावंसं वाटतंय. जो तो सांगतो, आधी वही ठेव. मी एक सोडून पाच वह्या आणल्या. त्यातली एक चामडी पुठ्ठ्याची, साडेसहाशे रुपयांची. प्रत्येकीत सात-आठ पानं लिहिलेली, पुढे कोरी. रोज सकाळी उठून तीन पानं लिहायचा नियम केला, तो अकरा दिवस टिकला. लिहिलेलं वाचलं की लाज वाटते : 'आज मन उदास', 'आज थकवा', 'आजही काही सुचलं नाही'. सासूबाई दिवसभर घरात असतात, वही त्यांच्या हाती लागेल ही धास्ती वेगळी. त्यात माझी मराठी अशी बडोद्याची, निम्मी गुजराती. पुण्याच्या मावसबहिणी हसतात. वही खरंच हवी का, की फोनमध्ये लिहिलं तरी चालेल? आणि या पाच अर्धवट वह्यांचं करू काय? मुलगा यंदा दहावीला आहे, वेळेचं विचारूच नका.
ता. क. घाईत संपवते. काउंटरवर ते आजोबा आलेत. दर बुधवारी येतात आणि एकाच बिलाच्या दोन पावत्या मागून घेतात.

उत्तर : तू मला मावशी म्हटलंस आणि माझं 'तुम्ही' तिथेच गळून पडलं. राग मानू नकोस.

पत्र वाचून झाल्यावर मी आधी बेरीज केली. खोडच आहे ती. दांडिया बाजारातल्या एका पेढीवर ३१ वर्षं नामं, म्हणजे हिशेब, लिहिलं, त्यामुळे कागद हातात आला की बोट आपोआप रकान्यावरून खाली सरकतं. पाच वह्या, प्रत्येकीत सात-आठ पानं, म्हणजे पस्तीस-चाळीस पानं झाली. तीही नोकरी, घर आणि दहावीतला मुलगा सांभाळून. ती पानं नापास कुणी केली? तूच. आणि कधी, तर लिहिल्या लिहिल्या वाचून. दूध तापायच्या आधीच तू साय शोधायला निघालीस.

आता पेढीवरचं थोडं सांगते, कंटाळू नकोस. आमचे शेठ गुजराती, मुनीम मराठी, आणि संगणक येईपर्यंत सगळं हातानं. दिवसभरात जे घडेल ते आधी खर्ड्यात जायचं. खर्डा म्हणजे हाताशी असेल तो कागद, शिसपेन्सिल, अक्षर कसंही. संध्याकाळी खर्ड्यावरून कीर्द : तारीखवार, डावीकडे जमा, उजवीकडे नावे, खाली श्री शिल्लक. आणि मग कीर्दीवरून खतावणी. खतावणीत तारखेला मान नाही, तिथे माणसाचं आणि बाबीचं खातं असतं. कीर्दीतली प्रत्येक रक्कम उचलायची, ती ज्याची त्याच्या खात्यावर चढवायची आणि शेजारी कीर्दीचा पान नंबर टाकायचा, म्हणजे पुढे शंका आली तर मूळ नोंद सापडते. मंगळवारी काय झालं हे कीर्द सांगते. अमक्याकडून आपलं येणं किती, हे विचारायचं तर खतावणीच उघडावी लागते. मी नवी असताना एकदा तीन महिन्यांची खतावणी तुंबली होती. कीर्द अगदी मोत्यासारखी लिहिलेली, पण शेठनी एका गिऱ्हाइकाची बाकी विचारली तेव्हा मी नव्वद दिवसांची पानं उलटत बसले. शेठ काही बोलले नाहीत. चहा मागवला आणि मी शोधत असताना समोर बसून प्यायले. त्या चहाइतकं मला कुणी आजवर बोललेलं नाही.

तुझं तेच झालंय. 'वही ठेव' म्हणणाऱ्यांनी तुला कीर्द लिहायला सांगितली, खतावणीचं नाव कुणी काढलं नाही. म्हणून आठव्या पानापर्यंत पोचतेस आणि मनात येतं, हे कशासाठी? प्रश्न रास्त आहे. परत न उघडायची वही कुणी का लिहावी?

आपल्याच गावातलं उदाहरण देते. गोविंदराव सरदेसाई १८८९ मध्ये सयाजीराव महाराजांच्या नोकरीत आले. महाराजांना वाचून दाखवायचं आणि राजपुत्रांना शिकवायचं हे त्यांचं काम. इतिहास शिकवायचा म्हणून ग्रंथ चाळून टिपणं काढायची. ती टिपणं साठत गेली, लावली गेली, आणि त्यातून 'रियासत' या इतिहासग्रंथाचे खंड उभे राहिले. 'रियासतकार' हे नाव मागाहून चिकटलं. टिपण काढताना समोर उद्याचा तास होता. मांडवीजवळच्या आपल्या सेंट्रल लायब्ररीतही कारभार हाच. महाराजांनी १९१० मध्ये बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून तिची घडी बसवली. काचेच्या फरशीचे मजले बघायला लोक येतात, बघण्यासारखे आहेतच. पण कुठल्याही ग्रंथालयात पुस्तक आलं की आधी दाखल नोंदवहीत तारखेनं चढतं आणि मग विषयानं कपाटात जातं. नुसती दाखल नोंदवही भरून पुस्तकं पोत्यात ठेवली असती तर ती कुणाला सापडली असती?

आता वही कुठली. चामडी पुठ्ठ्याची मुलाला दे, गणितं सोडवायला. खरंच दे. साडेसहाशे रुपयांच्या वहीत 'लिंबू महागलं' असं लिहायला हात धजत नाही, आणि तुला नेमकं तेच लिहायचं आहे. दोनशेपानी, शिवणीची, पर्समध्ये मावेल अशी साधी वही घे. स्पायरलची नको. तिचं पान फाडायला फार सोपं जातं आणि तुझा स्वभाव मला पत्रावरून कळलाय. पेन साधं बॉलपेन. मी वर्षानुवर्षं शाईच्या पेनाची हौस केली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी आमच्या तळमजल्यात शिरलं, तेव्हा खालच्या कप्प्यातल्या चार वह्या निळ्या लगद्यासारख्या निघाल्या. बॉलपेनच्या आणि पेन्सिलीच्या वह्या दोरीवर वाळत घातल्या, आजही वाचता येतात. पानं पापडासारखी झालीत एवढंच.

पहिल्या पानाची भीती ज्याला त्याला असते. तिच्यावरचा तोडगा बाजारात दर दिवाळीला मिळतो. लाल कापडी बांधणीच्या चोपड्यांचे ढीग लागतात ते बघतेसच. चोपडापूजनाच्या दिवशी व्यापारी पहिल्या पानावर स्वस्तिक काढतो, 'श्री' लिहितो, एकाखाली एक श्रींचा मनोरा करतो, शुभ-लाभ लिहितो, कुंकू-अक्षता वाहतो आणि पान उलटतो. धंदा सुरू होतो तो पुढच्या पानावर. इतकी वर्षं ते बघूनही मला फार उशिरा उमगलं की पहिलं पान देवाला देऊन टाकायची ही केवढी सोय आहे! तूही श्री लिही, वर हळदीचा डाग पाड आणि पान उलट.

मग लिहायचं काय? इथे मला जरा पाय पसरून बसू दे.

'आज मन उदास' ही नोंद खोटी नाही, पण त्या नोंदीला वजन नाही. पेढीवर कुणी 'आज बरीच विक्री झाली' असं कीर्दीत लिहिलं असतं तर मुनीमजींनी वही तोंडावर फेकली असती. किती? कुणाला? रोख की उधार? उदास होतीस तेव्हा काय घडलं, ते मला हवंय. समजा असं : 'कुकरच्या सहा शिट्ट्या झाल्या. मी ओट्यापाशीच उभी होते. गॅस मुलानं येऊन बंद केला आणि काही न विचारता परत गेला.' यात 'उदास' हा शब्द नाही. पण सहा महिन्यांनी हे वाचशील तेव्हा ती संध्याकाळ अंगावर येईल, आणि शिवाय काही न विचारता परत जाणारा मुलगा तुला फुकटात मिळेल. त्याचा तर कथेत केव्हाही उपयोग होईल.

माझी चाळणी सोपी आहे. तिथे दुसरं कुणी उभं असतं तर त्याला जे दिसलं किंवा ऐकू आलं असतं, तेवढंच डाव्या पानावर. कानावर पडलेलं वाक्य जसंच्या तसं, व्याकरण न सुधारता. कुणाच्या हाताचं काम. एखादी थाप, कुणी कुणाला मारलेली. आणि भाव. भावांना कमी लेखू नकोस. पापडीचा त्या दिवसाचा भाव लिहिला असेल तर दहा वर्षांनी त्यातून सगळा आठवडा वर येतो. मोठे विचार, सुविचार, आयुष्याबद्दल काही उमगलं असेल तर ते, या कशालाच डावीकडे जागा नाही. फारच उचंबळून आलं तर उजव्या पानावर लिही, पण एकदा पाणी पिऊन ये. बहुतेक वेळा तेवढ्यात ओसरतं.

उजवं पान एरवी कोरं ठेवायचं. ते नावेचं. डावीकडची नोंद पुढे कुठे खर्ची पडली, हे तिथे लिहायचं.

खतावणी कशी होते ते माझ्याच वहीतून दाखवते. एका वर्षीच्या तीन नोंदी, चार महिन्यांच्या अंतरातल्या.

पान १४ : 'बँकेत एक आजी. सही जुळेना. काउंटरवरच्या मुलानं चौथ्यांदा करायला लावली. आजी म्हणाल्या, नाव तेच आहे हो, हात बदलला.'

पान ३१ : 'खंडेराव मार्केट. लिंबूवाली नोटा ओल्या गोणपाटाखाली ठेवते. मोड देताना दहाची नोट आधी पदराला पुसते, मग देते. नाणी पुसत नाही.'

पान ५२ : 'उत्तरायण. समोरच्या गच्चीवर काकांच्या हातात फिरकी, दोन्ही बोटांना चिकटपट्टी. नातू आभाळाकडे बघतोय, काका फिरकीकडे. काटला म्हणून सगळे ओरडले तेव्हाही काका फिरकीकडेच.'

लिहिताना या तिघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. तेव्हा मी रविवारी दुपारी, जेवणं आटपून घर झोपलं की, आठवड्याची पानं वाचायची आणि मागच्या बाजूला, वही उलटी धरून, खाती उघडायची. आजी 'बँक' खात्यावर गेल्या, लिंबूवाली 'बाजार' खात्यावर. काकांना कुठे घालावं कळेना, म्हणून जुनी खाती चाळली आणि दिसलं की तिन्हीकडे हात आहेत. तिघांचा चेहरा मी टिपलेलाच नव्हता. 'हात' असं नवं खातं उघडलं आणि त्याखाली लिहिलं : १४, ३१, ५२. पुढच्या वर्षात त्या खात्यावर नऊ नोंदी झाल्या, आणि एका निवृत्त कारकुनाची, ज्याला आपलीच सही जमेनाशी होते त्याची कथा मी त्यावरून लिहिली. नवातल्या दोनच वापरल्या. लिंबूवाली अजून शिल्लक आहे.

आता याची दुसरी बाजू, नाहीतर तुला वाटेल खातं उघडलं की कथा येते. 'पाऊस' खात्यावर माझ्या चाळीसच्या वर नोंदी आहेत, त्यांचं आजवर काही झालेलं नाही. 'सासर' खातं तर मी चार वह्यांमध्ये पुढे ओढत आणलं. बुडीत खाती असायचीच, कुठल्या पेढीवर नसतात? पण ती बुडीत आहेत हेसुद्धा मला खतावणीनंच सांगितलं. आता पाऊस आला की मी खिडकी लावते, वही उघडत नाही.

सकाळच्या तीन पानांबद्दल माझं मत ऐक, मग तुला पटेल ते कर. ज्याला सकाळी पाऊण तास मोकळा आहे त्याच्यासाठी तो नियम उत्तम. तुझ्याकडे सकाळी पाणी भरायचं असतं, डबे असतात, मुलाची शिकवणी असते. अकरा दिवस टिकवलास हेच पुष्कळ झालं. तू पाच ओळी लिही. काउंटरवर दोन पेशंटच्या मधे. ॲक्टिव्हा स्टँडवर लावलीस, हेल्मेट आरशाला अडकवलंस की पायऱ्या चढायच्या आधी तिथेच सीटवर वही ठेवून. चार मिनिटांचं काम. एखादा दिवस गेला तर गेला. पेढी रविवारी बंद असायची, तेव्हा कीर्दीत रविवारचं पान कोरं नसायचंच, सरळ सोमवार यायचा. तारीख टाकलेल्या डायऱ्या मी याच कारणानं घेत नाही. कोरं पान समोर आलं की ते टोचतं, आणि बिनतारखेच्या वहीत कोरं पान पडतच नाही.

पुण्याकडे 'फावल्या वेळात लिहिते' म्हणतात. आपण बडोद्यात 'मला फावत नाही' म्हणतो ते गुजरातीतून आलेलं, म्हणजे जमत नाही, सोयीचं पडत नाही. तुला फावला वेळ मिळेल अशी आशा नको धरूस. तुला फावेल तसं लिही.

आता भाषेचा विषय निघालाच आहे. तुझ्या मावसबहिणींना हसू दे. वहीत शब्द जो आधी येईल तो. सासूबाई 'जरा बाजूला खस' म्हणत असतील तर 'सरक' लिहिलंस की सासूबाई त्या वाक्यातून उठून गेल्या. छापायच्या वेळी काय ठेवायचं, काय बदलायचं तो पुढचा प्रश्न, आणि तेव्हाही मी तर 'खस'च ठेवीन. या शहरात मराठी कधी एकटी राहिलेलीच नाही. राज्यकारभाराचे शब्द ठरवायची वेळ आली तेव्हा बडोदे सरकारनं १९३१ मध्ये 'सयाजी शासन शब्दकल्पतरु' काढला. त्यात एकेका शब्दापुढे गुजराती, मराठी, संस्कृत, हिंदी, बंगाली असे कितीतरी भाषांतले पर्याय शेजारीशेजारी मांडलेले. महाराजांच्या दरबारात ज्याची लाज वाटली नाही त्याची मांजलपुरात कशाला?

सासूबाईंची गोष्ट मात्र चेष्टेवारी नेण्यासारखी नाही. माझी वही एकदा जाऊबाईंच्या हातात पडली. त्यात एकच वाक्य होतं, 'जाऊ ढोंगी आहे.' सव्वा वर्ष अबोला. आणि त्या सव्वा वर्षात मला हळूहळू कळलं की ते वाक्य कथेच्याही काही कामाचं नव्हतं. ती काय करायची? पाहुण्यांपुढे तुपाची वाटी सरकवायची, 'घ्या हो, घरचंच आहे,' आणि पाहुणे गेले की वाटीतलं उरलेलं तूप बरणीत परत. हे लिहिलं असतं तर भांडण तेवढंच झालं असतं, पण हाती काहीतरी लागलं असतं. (आता लिहिलं. ती आता नाही. आणि खरं सांगायचं तर हल्ली तूप मीही परत ओतते.)

उपाय म्हणशील तर वहीवर मोठ्या अक्षरात लिही : 'गॅस, दूध, इस्त्री'. श्रीच्या पानानंतरची तीन पानं खरोखर गॅस-दूध-इस्त्रीच्या हिशेबानं भर. माझी वही वीस वर्षं त्या नावाखाली फ्रिजवर पडून असते, कुणी हात लावत नाही. उलट इस्त्रीवाल्याचे किती झाले हे मलाच विचारतात. माणसांची नावं बदलायची, आणि एकदा बदललेलं नाव सगळ्या वह्यांमध्ये तेच ठेवायचं, नाहीतर दोन वर्षांनी लीलाबाई कोण होत्या हे तुलाच आठवणार नाही. फार गुप्त लिहू नकोस. माझे आजोबा संस्थानच्या एका खात्यात कारकून होते, त्यांच्या तीन वह्या माझ्याकडे आहेत, सगळ्या मोडी लिपीत. हात न उचलता लिहिलेल्या ओळीच्या ओळी. मला त्यातला श्री लागतो आणि आकडे लागतात. बाकी आजोबा तिथे बसलेत आणि मला काही सांगत नाहीत. मोडी शिकायची म्हणून दोनदा वर्गाची चौकशी केली. जाणं झालं नाही.

फोन? खर्डा म्हणून चालेल. हात कणकेत असतील तेव्हा फोनमध्ये बोलून ठेव. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. जात्यावर, शेतात ओव्या व्हायच्या, त्या त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी, आणि सोपानदेवांच्या मावसभावानं उतरवून ठेवल्या, आणि बाई गेल्यावर १९५२ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं. तुझा सोपानदेव तूच. रात्री दोन ओळी वहीत उतरवायच्या आणि फोनमधलं पुसून टाकायचं. उतरवलं नाहीस तर ते सुप्रभातच्या फुलांखाली गाडलं जाईल आणि कधी सापडणार नाही.

राहता राहिल्या त्या पाच वह्या. टाकू नकोस. चामडी वहीतली लिहिलेली पानं मुलाला द्यायच्या आधी सोडवून घे. एका रविवारी दुपारी पाचही पुढ्यात घे, पेन्सिल घे आणि 'मन', 'उदास', 'थकवा' असलेली वाक्यं नुसती ओलांडत जा. खोडायचं नाही, लाजायचं नाही. जिथे एखादं माणूस, वस्तू किंवा कुणाचं बोलणं आलंय तिथे समासात टिंब. चाळीस पानांत सहा टिंबं निघाली तरी ती नव्या वहीच्या पाचव्या पानावर, अगदी वर, 'श्री शिल्लक' म्हणून उतरव. नवी कीर्द शून्यावरून सुरू करत नसतात, मागची बाकी पुढे ओढतात.

आता तुझ्या ता. क.कडे येते. पत्रभर तू स्वतःबद्दल लिहिलंस आणि अगदी शेवटी, घाईत, पहिल्यांदा मान वर करून समोर बघितलंस. दर बुधवारी, एका बिलाच्या दोन पावत्या. मी ते वाक्य वाचलं आणि बाकीचं पत्र विसरले. दुसरी पावती ते त्याच खिशात ठेवतात की वेगळ्या? घडी करतात की सपाट धरून नेतात? पैसे काउंटरवर मोजतात की घरून मोजून आणलेले असतात? बुधवारी सुट्टी आली तर गुरुवारी येतात का? कारण मात्र लगेच विचारू नकोस. ते सांगतील, तुला वाईट वाटेल, आणि तू वहीत पुन्हा 'आज मन उदास' लिहिशील.

येत्या बुधवारी नुसतं बघ. पान पाच, शिल्लक संपते त्याच्या खाली, पाच ओळी. आणि पान नंबर टाकायला विसरू नकोस.